वही कोणाच्या मालकीची?

बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेली गाडी शहर सोडते न सोडते तोच बाजवा येतं. एके काळी हे गायकवाडी मुलखातलं शेतीचं गाव होतं. मग शेजारी कोयलीला रिफायनरी आली, ती 1965 साली सुरू झाली. दोन वर्षांत गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा कारखाना खत काढू लागला, पाठोपाठ पेट्रोकेमिकल्स आली, आणि बाजव्याच्या आसपास देशभरची माणसं राहायला लागली. त्यात पाटीदार होते, मराठी होते, बिहारी होते, मलयाळी होते. पगार इथे, रेशनकार्ड इथे, पण वंशाची नोंद मात्र मूळ गावीच राहिली. ती कुणाची खेडा जिल्ह्यातल्या बारोटाकडे, कुणाची त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे, तर कुणाची गयेच्या पंड्याकडे.

आपल्या खापरपणजोबाचं नाव आपल्याला ठाऊक नाही आणि परगावच्या एका माणसाच्या कपाटात ते आहे, यात कुणाला वावगं वाटत नसे. आज तीच चौकशी करायला प्लास्टिकच्या नळीत लाळ भरून कुरिअरने पाठवतात. हैदराबादच्या मॅपमायजीनोमसारख्या कंपन्या हे काम भारतातच करतात. नळी पाठवणारा विचारतो, माझी माहिती कोण बघेल, कोण विकेल, कुणाच्या हाती पडेल? या प्रश्नांना नवं समजण्याचं कारण नाही. गुजरात-महाराष्ट्रात दुसऱ्याच्या वंशाची माहिती सांभाळणं हा पिढीजात धंदा होता. त्या धंद्याला मालकी होती, वारसाहक्क होता, कोर्टकज्जेही होते.

गुजरातेत हा धंदा वहीवंचा बारोटांचा. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स या इंग्रज अधिकाऱ्याने कवी दलपतरामांच्या मदतीने गुजरातच्या कथा-बखरी गोळा केल्या आणि 1856 साली ‘रासमाला’ छापली. त्यात या बारोटाच्या फिरतीचं वर्णन आहे. पावसाळा सरला, वाटा मोकळ्या झाल्या, की तो आपल्या शहरातल्या भाटवाड्यातून निघे. एकेका यजमानाकडे जाई, जमलं तर लग्नकार्याचा मुहूर्त साधून. पाहुणचार झाला की वही उघडे. अक्षर त्याचं स्वतःचं किंवा त्याच्या बापजाद्यांचं, इतकं किचकट की परक्याला अर्थबोध होऊ नये. आत मूळ पुरुषापासूनची वंशावळ, मध्ये मध्ये कवित्त. यजमान ऐकून सुखावे, नव्या जन्मलेल्यांची नावं भरली जात आणि बारोट बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई.

फोर्ब्सने त्यातली कामाची बाजूही टिपली आहे. वही म्हणजे यजमानाची नुसती हौस नव्हती. सोयरीक जुळवताना दोन घरांत रक्ताचं नातं तर नाही ना, हे वहीवरून ठरे. वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटणीत तंटा झाला तर वही पुरावा होई. म्हणजे एकाच पुस्तकात विवाहनोंदणी, वारसदाखला आणि जनुकीय सल्ला. ते पुस्तक यजमानाच्या घरी नसे, आणि यजमानाला ते वाचताही येत नसे.

शंभर वर्षांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या लोकांकडे पुन्हा कुणाचं तरी लक्ष गेलं. तिथे 1951 मध्ये एम. एन. श्रीनिवास यांनी समाजशास्त्राचा विभाग उभा केला होता. त्यांचे विद्यार्थी ए. एम. शाह यांनी आर. जी. श्रॉफ यांच्यासोबत वहीवंचा बारोटांवर अभ्यास केला आणि 1958 मध्ये तो एका अमेरिकी नियतकालिकात छापून आला. लेखाच्या शीर्षकातच या जातीला वंशावळकार आणि पुराणकार अशी दोन्ही विशेषणं होती, आणि दोन्ही खरी होती. जवळच्या पिढ्यांची नोंद चोख. मागे जावं तसा इतिहास पातळ होत जाई आणि त्यात सूर्यवंश-चंद्रवंश मिसळत. हाती जमीन आणि सत्ता आलेल्या कोळी ठाकोरांना राजपूत पूर्वज याच वह्यांतून मिळाले. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या आठवणीने फार हळवं होण्यात अर्थ नाही. वही पुरुषांची होती, लेकींना तिच्यात जागा नव्हती, आणि पैसा मोजणाऱ्याला ती सोयीचा आजोबा काढून देई. आजच्या कंपन्या लाळेवरून ‘इतके टक्के अमुक प्रदेश’ असा रंगीत नकाशा पाठवतात. गिऱ्हाईक खूश राहावं ही काळजी त्यांनाही असतेच.

वंशावळीवर राज्य कसं टांगलेलं राहतं, हे बडोद्याने एकोणिसाव्या शतकात दोनदा पाहिलं. खंडेराव गायकवाड 1870 मध्ये वारले तेव्हा त्यांची राणी जमनाबाई गरोदर होती. मुलगा झाला तर तो राजा, मुलगी झाली तर खंडेरावांचे भाऊ मल्हारराव. एका विधवेच्या पोटाकडे सारं संस्थान आणि इंग्रज सरकार डोळे लावून बसलं. 1871 च्या जुलैत मुलगी झाली आणि गादी मल्हाररावांकडे गेली. त्यांचा कारभार इतका बिघडला की एप्रिल 1875 मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं. जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, पण मुलगा गायकवाडांच्याच रक्ताचा हवा.

मग शोध सुरू झाला. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावी गायकवाडांची एक धाकटी शाखा शेती करून राहत होती. राजघराण्याच्या हिशेबात त्यांना फारसं कुणी मोजत नव्हतं. काशीराव गायकवाड आपल्या तीन मुलांना, आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव यांना घेऊन बडोद्याला आले. 27 मे 1875 रोजी बारा वर्षांच्या गोपाळरावाला दत्तक घेतलं गेलं आणि त्याचे सयाजीराव झाले. पुढचा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे: सक्तीचं शिक्षण, वाचनालयं, आंबेडकरांची शिष्यवृत्ती. या सगळ्याच्या मुळाशी कवळाण्याची शाखा त्याच कुळातली आहे हे सिद्ध करणारी एक वंशावळ होती. ती नोंद हरवली असती, किंवा कुण्या विरोधकाने तिच्यात खोट काढली असती, तर बडोद्याचं विसावं शतक वेगळं गेलं असतं.

मराठी माणसाच्या वंशावळीचे रखवालदार म्हणजे तीर्थोपाध्याय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, आणि बडोद्याच्या लोकांना जवळचं नर्मदाकाठचं चांदोद. यात्रेकरू आला की उपाध्याय आडनाव, मूळ गाव, बापाचं नाव विचारतो आणि चोपडी काढतो. त्यात पणजोबांच्या हातचा लेख सापडतो: मी अमुक, माझे वडील अमुक, भाऊ अमुक, आमच्या कुळातला जो कोणी या क्षेत्री येईल त्याने यांनाच उपाध्याय मानावं. कधी देवनागरी, कधी मोडी. नातवाचा गळा दाटून येतो. पण लेखाचं शेवटचं वाक्य नीट वाचलं तर तो सरळसरळ करार आहे. ज्याच्या चोपडीत पूर्वजाची सही, यजमान त्याचा. येणाऱ्या पिढ्यांना कुणी विचारलेलं नाही. त्यांच्या वतीने खापरपणजोबाने संमती देऊन टाकली आहे.

या हक्काला वृत्ती म्हणत आणि तिला पैशात किंमत होती. भावाभावांत तिची वाटणी होई, पाळ्या लागत, ती गहाण पडे, विकलीही जाई. एका उपाध्यायाने चोपडी विकली की तिच्यातली शेकडो कुळं नव्या धन्याकडे जात, आणि पुढच्या सिंहस्थाला आलेल्या यजमानाला ते कळे. यावरची भांडणं पेशव्यांच्या दप्तरात गेली, नंतर इंग्रजी कोर्टांत. वंशपरंपरेचं उपाध्येपण ही हिंदू कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्ता धरायची का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे 1860 च्या दशकाअखेरीस आला आणि न्यायालयाने ती स्थावर धरली. शेत, घर आणि यजमानांची यादी एकाच रकान्यात बसली. ज्यांची नावं यादीत होती त्यांना खटल्यात पक्षकार व्हायचं कारणच नव्हतं.

तरी या बाजाराला एक कुंपण होतं. चोपडी विकत घेणारा दुसरा उपाध्यायच असे. त्याला ती तेवढ्याच कामाला लागे: श्राद्ध सांगायचं, नावं भरायची, दक्षिणा घ्यायची. त्या माहितीतून दुसरं काही काढायची सोय त्याच्याकडे नव्हती. शिवाय तो घाटावर भेटे, नावाने ओळखता येई आणि त्याच्याशी भांडता येई.

ते कुंपण पहिल्यांदा ओलांडलं गेलं ते हरिद्वारला. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने 1977 पासून तिथल्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म करायला सुरुवात केली. ही संस्था मॉर्मन पंथाची. पूर्वजांचा मरणोत्तर बाप्तिस्मा करता येतो अशी त्यांची श्रद्धा आहे, म्हणून जगभरच्या वंशावळी जमवून त्यांनी सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात तिजोऱ्या खोदून त्यात फिल्म ठेवल्या. वाळवी आणि पूर यांच्यापासून वह्या वाचल्या हे खरंच. गंगेत अस्थी सोडताना नाव लिहून देणाऱ्याने ते रॉकी पर्वतातल्या भुयारासाठी दिलं नव्हतं, हेही खरं. व्यापारी वंशशोधाचा सर्वांत मोठा पसारा, अ‍ॅन्सेस्ट्री ही कंपनी, त्याच यूटात वाढली. 2020 मध्ये ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने ती 4.7 अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. वृत्तीचा भाव इतका चढेल असं त्र्यंबकच्या कुठल्या उपाध्यायाला वाटलं नसेल!

वंशावळ मागून माणसाला दारात उभं करता येतं, याचा अनुभव एका मराठी समाजाने परदेशात घेतला. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले शनवार तेली, घरात मराठी बोलणारे ज्यू. इस्रायल स्थापन झाल्यावर ते हजारोंनी तिकडे गेले. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बीपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्राएलांपैकी कुणाचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्याच्या आईकडच्या पूर्वजांची जितकं मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. पेण-पनवेलकडून आलेल्या माणसाने पणजीच्या आईचं ज्यूपण कुठल्या कागदावर दाखवायचं? जेरुसलेममध्ये धरणी झाली, संप झाले, प्रश्न संसदेत गेला आणि 1964 मध्ये रब्बीपीठाला माघार घ्यावी लागली. पुढे 2016 मध्ये एका जनुकीय अभ्यासाने बेने इस्राएलांच्या डीएनएमध्ये ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरपूर असल्याचं दाखवलं. त्याच्या बातम्या ‘अखेर सिद्ध झालं’ अशा सुरात छापल्या गेल्या. हा अभ्यास 1962 साली हाती असता तर त्या फर्मानाचं काम सोपं झालं असतं की अवघड, हे सांगणं कठीण आहे. प्रयोगशाळेने टक्केवारी काढली की तिचा अर्थ फर्मान काढणाराच लावतो.

शरीरावरून वंश शोधण्याचा नाद आपल्याकडेही जुना. इरावती कर्वे 1920 च्या दशकाअखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजायला गेल्या आणि कवटीच्या ठेवणीवरून वंशाची श्रेष्ठता ठरत नाही असा निष्कर्ष घेऊन परतल्या. गुरूला तो रुचणारा नव्हता. नंतर त्यांनी महाराष्ट्रभर फिरून जातीजातींची मापं घेतली. गुजरातेत डी. एन. मजुमदारांनी मापांसोबत रक्तगटही तपासले, त्यांचं पुस्तक 1950 मध्ये आलं. लोक हात पुढे करत, रक्त देत. त्या रक्ताचं पुढे काय होणार हे विचारण्याची रीत तेव्हा जगातच नव्हती.

आता नळीकडे. ट्वेंटीथ्री अँड मी ही कॅलिफोर्नियातली कंपनी 2006 मध्ये निघाली. घरबसल्या लाळ द्या, पूर्वज आणि आजार जाणून घ्या. दीड कोटी लोकांनी दिली, त्यात अमेरिकेत स्थिरावलेली मराठी घरंही असणार. 2018 मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने औषधसंशोधनासाठी तिच्यात 30 कोटी डॉलर घातले. ऑक्टोबर 2023 मध्ये चोरी उघडकीस आली. चोरांनी दुसरीकडून मिळवलेले पासवर्ड वापरून सुमारे 14 हजार खाती उघडली होती. पण त्या खात्यांना ‘नातेवाईक शोधा’ ही सोय जोडलेली होती, त्यामुळे हाती लागली 69 लाख लोकांची माहिती. चोरांनी ती विकायला काढली ती समाजवार याद्या करून, अश्केनाझी ज्यूंची वेगळी, चिनी वंशाच्यांची वेगळी. ज्यांचे पासवर्ड मजबूत होते तेही त्यात गेले, कारण चुलतभावाचा कच्चा होता.

इथे खासगीपणाचा नेहमीचा कायदा अडखळतो. फोन नंबर माझा एकट्याचा असतो. जनुकं निम्मी आईची, निम्मी बापाची, त्यातली काही मावशीच्या नातवातही. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात 1970-80 च्या दशकातल्या खुनांचा आणि बलात्कारांचा आरोपी पकडला गेला तो स्वतःची लाळ कुठे न देता. दूरच्या नातलगांनी जीईडीमॅच या संकेतस्थळावर आपला डीएनए टाकला होता, तिथून पोलिसांनी वंशवृक्ष उलटा चढत त्याला गाठलं. त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की साडेबारा लाखांच्या आसपास लोकांच्या संचातही युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकी सुमारे 60 टक्क्यांचा एखादा तिसऱ्या पिढीतला चुलत किंवा मावस नातलग सापडतो. जातीत लग्नं करणाऱ्या आपल्या समाजात नात्यांची वीण याहून दाट आहे. तिथे असा शोध सोपा की गुंतागुंतीचा ठरेल हे जनुकशास्त्रज्ञ सांगतील. सोलापूरच्या एखाद्या माणसाने दिलेली नळी बडोद्याच्या भाचरांबद्दल बोलेल, एवढं मात्र नक्की.

मार्च 2025 मध्ये ट्वेंटीथ्री अँड मीने दिवाळखोरीचा अर्ज केला. वृत्तीचा जुना खटला आता सेंट लुइसच्या न्यायालयात उभा राहिला: दीड कोटी माणसांची वही विकता येते का? रीजेनेरॉन या औषध कंपनीने 25.6 कोटी डॉलर बोली लावली. मग संस्थापक अ‍ॅन वोजित्स्की यांच्याच नव्या ना-नफा संस्थेने 30.5 कोटींची बोली लावून वही परत घेतली. 27 राज्यांनी दावा लावला, की प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी संमती घेतल्याशिवाय विक्री होऊ नये. तरी जूनअखेर न्यायालयाने विक्रीला मान्यता दिली. दरम्यान 19 लाख लोकांनी आपली माहिती पुसून टाकायला सांगितली. नाशिकच्या चोपडीतला लेख असा कुणाला खोडता आला नव्हता, तेवढी प्रगती मानायला हरकत नाही. मात्र भावाने पुसलं आणि बहिणीने ठेवलं, तर भावाचा निम्मा वारसा त्या वहीत राहतोच.

भारतात 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून गेलेल्या एका घटस्फोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बायकोवरचा आरोप शाबीत करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी ऊठसूट मागता येणार नाही; आपली जनुकीय माहिती हा मुलाचा स्वतःचा खासगीपणा आहे. बडोद्याच्या गादीने 1871 मध्ये न जन्मलेल्या जीवाला हा हक्क दिला नव्हता. कायदेमंडळ मात्र गोंधळलेलं. डीएनए तंत्रज्ञानाचं विधेयक वर्षानुवर्षं रेंगाळून जुलै 2023 मध्ये मागे घेतलं गेलं. 2019 च्या माहिती-संरक्षण विधेयकात जनुकीय माहितीला ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी जागा होती. 2023 मध्ये जो कायदा झाला त्यात ती वर्गवारीच गेली. लाळेची माहिती आणि किराणा दुकानातला मोबाइल नंबर एका पंक्तीला बसले.

महाराष्ट्रात त्याच काळात वंशावळींची लाट आली होती. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबर 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. महसुलाचे, शाळांचे, जन्म-मृत्यूचे जुने कागद, त्यातले पुष्कळ मोडीतले, उपसून 50 लाखांहून अधिक नोंदी निघाल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर चढल्या. जानेवारी 2024 च्या ‘सगेसोयरे’ अधिसूचनेच्या मसुद्यात तर एकाच्या नोंदीवर नातेवाइकांचा दावा मान्य करण्याची तरतूद होती. आरक्षणाच्या त्या धामधुमीत खासगीपणाचा मुद्दा फारसा कुणाला सुचला नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. नोंद सापडणं हाच तिथे लाभ होता.

बाजव्याच्या पूर्वेला, 2013 पर्यंत बडोदे जिल्ह्यातच असलेल्या छोटाउदेपूरच्या आदिवासी पट्ट्यात जनुकीय चाचणी ही हौस नाही. सिकल सेलचा आजार तिथे घराघरांत आहे. गुजरातने 2006 पासून तपासणीचा कार्यक्रम घेतला; केंद्राने जुलै 2023 मध्ये राष्ट्रीय मोहीम काढली, सात कोटी लोक तपासायचं उद्दिष्ट ठेवलं. तपासलेल्याला जनुकीय स्थितीचं कार्ड मिळतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, म्हणून लग्नाआधी कार्डं ताडून पाहावीत असा सल्ला आहे. वैद्यकीयदृष्ट्या तो अगदी योग्य आहे. पण ते कार्ड बघायला मागणारा कंपनीचा माणूस नसतो, पोलीसही नसतो. तो मुलाचा मामा असतो. दाखवायचं की नाही हे कागदोपत्री मुलीच्या मर्जीवर आहे, आणि बोलणी चालू असताना तिने ‘नाही दाखवणार’ म्हटलं तर समोरची मंडळी त्यातच निकाल वाचून उठतात.